पोट बांधणारी मावशी

रिसोडला आमच्या गल्लीत बाळंतिणीचं अंग रगडायला एक म्हातारी यायची. स्वराज्य येऊन पाच वर्षं झाली होती, पण बाळंतिणीच्या खोलीत राज्य तिचंच. माझ्याकडं पाहायची वेळ आली की ती नुसता पदर झटकायची.

दुसऱ्या मुलीच्या वेळी ती जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बायकोचं पोट बांधत होती. मी पडद्याआडून शहाणपणा केला, “मावशी, हे पहिल्यासारखी बारीक कवा होईन?”

“बारीकच होऊन राह्यली ना! नुसते हाडं लागतात हाताले. डिंकाचे लाडू खात नाही का व बाई?”

“मले दोनच भेटले,” बायको म्हणाली.

म्हातारीनं फळीवरचा डबा उघडला. रिकामा. मग पडदा सारून तिनं मला पहिल्यांदाच नीट पाहिलं, धोतरावर लोंबणाऱ्या पोटापर्यंत.

“तुमाले कितवा महिना, भाऊ?”

मी हसलो. ती हसली नाही. उरलेली पट्टी माझ्या पोटाभोवती गुंडाळून तिनं अशी आवळली, की खाल्लेला एकेक लाडू आठवला.

“जा, डिंक आणा. आता बायको माह्यासमोर खाईन.”

गाठ पाठीमागं होती, हात पोचेना. मी तसाच बाजारात गेलो.