चढावर लागणारा दिवा

माझ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा नसेल, आणि त्यांच्या संशयाला मी जेवढं खाद्य पुरवलं तेवढं दुसऱ्या कोणी पुरवलं नसेल. आमच्या पंधरा वर्षं जुन्या गाडीचंच घ्या. समोरच्या मीटरवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा एकदा लागला, आणि मी त्याच संध्याकाळी सदर बाजारात जाऊन नवी कोरी बॅटरी बसवून आलो. चित्र बॅटरीचं, म्हणून बॅटरी बदलली. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाची अक्कल याहून फार पुढं जात नाही. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला आणि माझ्याकडं बघून विझला. मी साडूंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "म्हणजे पगार घरी येऊन नाही राहिला, तर तुम्ही नवीन पाकीट घेऊन आले." त्या दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी त्याची तक्रार असते ती बॅटरीपर्यंत वीज पोचत नसल्याची, आणि ती वीज तयार करणारं यंत्र, अल्टरनेटर, इंजिनाच्या कुशीत वेगळंच बसलेलं असतं, ही माहिती मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, फोनवर, अशी मिळाली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. जे तीनदा तपासलं नाही ते तपासलंच नाही, हा तिथला नियम की त्यांचा स्वतःचा, हे मला आजवर कळलेलं नाही. ताईंना बघायलासुद्धा ते तीनदा आले होते. पहिल्यांदा पोहे झाले, दुसऱ्यांदा पोहे झाले, तिसऱ्या खेपेला वैतागलेल्या सासऱ्यांनी नुसता चहा ठेवला, तेव्हा चहा संपवून ते म्हणाले, "अच्छा, माझ्याकडून होकार." घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. गाडीची वेळ तीन माणसांना विचारायचे आणि तिघांनी एकच सांगितली तर जास्त काळजीत पडायचे. कोणी "कसे आहात?" म्हटलं तर "ठीक" असं सरळ उत्तर त्यांनी कधी दिलं नाही, "सध्या तरी ठीक," एवढंच. त्यांच्या पिशवीत एक हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर असायचा. त्याचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून, डॉक्टरनं छाती ऐकावी तसं ते ऐकायचे: मिक्सर, पाण्याचा पंप, फ्रीज. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवामागं जनरेटर ऐकायला गेले, परत आले आणि वरपित्याच्या कानात म्हणाले, "सप्तपदी लवकर उरकून घ्या, बेअरिंग जाऊन राहिलं." वरपिता रागावला. चौथ्या पावलाला अंधार झाला, आणि उरलेली तीन पावलं नवरानवरीनं मोबाइलच्या उजेडात टाकली.

दीड वर्षापूर्वी ताई गेल्या. एका सकाळी, अचानक, हृदयविकारानं. त्यानंतर साडूंनी संशय घेणं सोडून दिलं, आणि एखाद्या माणसाचा दुर्गुण गेल्यावर त्याच्याकडं बघवत नाही असा अनुभव मला पहिल्यांदा आला. द्याल ते खायचे, सांगाल ते ऐकायचे. कुलूप लावलं न लावलं, निघायचे. नंतर निघणंही थांबलं. बायको डबा पाठवायची, डबा धुतलेला परत यायचा, आणि रिकामा डबा परत द्यायचा नाही या ताईंच्या शिस्तीप्रमाणं त्यात दोन लिंबं असायची. फोनवर हो, नाही, बरं. म्हणून पाकिटाचा तो टोमणा मी बायकोला ऐकवला तेव्हा ती हसली नाही. पोळपाटावर लाटणं तसंच ठेवून म्हणाली, "असं म्हणाले? ते स्वतः?" आणि मग, "ऐका. गाडी आता कोणाला दाखवायची नाही. त्यांनाच शोधू दे. कितीही दिवस लागू दे."

हे सांगायला तिला थोडा उशीर झाला होता. त्याच सकाळी मी गाडी सदरमधल्या एका मिस्त्रीला दाखवून आलो होतो. अर्धा तास इंजिन चालू ठेवून त्यानं मीटरकडं टक लावली, आणि दिवा, सासरी आलेल्या मुलीसारखा, मान खाली घालून गप्प. "भाईसाहब, हमको तो कुछ नहीं दिख रहा," तो म्हणाला, "जलती है, बुझ जाती है, तो चलने दीजिए ना." मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी खमरियाला साडूंच्या घरी बसून मी हे जसंच्या तसं त्यांना सांगितलं आणि वर स्वतःची भर घातली, "आपोआप जातं म्हणजे काही मोठं नसेल." साडू उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा चढा आवाज मी ऐकला नव्हता. "आपोआप गेलं म्हणजे बरं झालं, हे कोणी सांगितलं तुम्हाला? काहून बोलता असं?" मग तेच ओशाळले, पाणी प्यायले, आणि कपाटातून एक जुनी वही काढून म्हणाले, "रविवारी गाडी घेऊन या."

पुढचे सात रविवार आम्ही चौघं, म्हणजे ते, मी, बायको आणि जेवणाचा डबा, त्या दिव्याच्या मागं जबलपूरभर हिंडलो. पुढच्या सीटवर वही मांडीवर घेऊन ते बसायचे आणि लिहायचे. एक नोंद मी चोरून वाचली: "ए.सी. बंद. दुसरा गिअर. मागे मेहुणी व डबा. दिवा नाही." खाली दुसरी: "डबा खाल्ल्यानंतर. बाकी सर्व तेच. दिवा नाही." बॅटरीची टोकं त्यांनी घासून लख्ख केली, पट्टा बोटानं दाबून पाहिला, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून अल्टरनेटर ऐकला. बॅटरीवर मीटर लावला तर आकडा अगदी असायला हवा तेवढा. बरगीच्या सपाट रस्त्यावर दिवा नाहीच. मदन महालच्या चढावर, थांबून पुन्हा गाडी उचलताना, लाल ठिपका क्षणभर उमटला, आणि साडू वहीवर असे वाकले की त्यांचा चष्मा पडला. मग तो चढ आम्ही इतक्या वेळा चढलो की तिथला उसाचा रसवाला विचारू लागला, "दादा, गाड़ी खरीद रहे हो या बेच रहे हो?" साडू गंभीरपणे म्हणाले, "सुन रहे हैं." चौथ्या रविवारी मी कंटाळून बायकोला म्हटलं, सगळा अल्टरनेटरच बदलून टाकू. तिनं माझ्याकडं असं बघितलं की तो विषय तिथंच संपला. मागच्या सीटवरून तिला दिसत होतं, आणि मला स्टिअरिंगमागून दिसत नव्हतं, की भाऊजी आता खिडकीबाहेर बघू लागले होते, आणि परवा तर त्यांनी तिच्या भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं होतं.

सातव्या रविवारी गाडी आमच्या अंगणात होती. साडूंनी वहीतली पानं उलटसुलट केली आणि म्हणाले, "पहिल्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, आणि क्लच जरासा सोडा. जरासाच." ते बोनेटपाशी बाजूला उभे राहिले. मी क्लच सोडला. गाडी जागची हलली नाही, पण दिवा लागला, आणि मी तसं ओरडून सांगितलं. "हं," असा बोनेटमागून आवाज आला. "पुन्हा." पुन्हा लागला. तिसऱ्यांदाही लागला. मग त्यांनी मला बोलावून दाखवलं. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं, मिस्त्री ज्याला फाउंडेशन म्हणतात, त्यातला एक ठोकळा झिजला होता. गाडीवर जोर पडला की इंजिन एका अंगाला कलायचं आणि अल्टरनेटरकडं जाणारी एक बारीक वायर ताणली जायची. वायर वरून अगदी धडधाकट होती. साडूंनी चाकूनं तिचं वेष्टण सोलून काढलं. आत तांब्याचे धागे तुटलेले, दोन टोकं एकमेकांना नुसती टेकलेली.

मी टाळी वाजवली. बायको पायरीवर चहा घेऊन आली होती, तीही हसली. साडू हसले नाहीत. ती वायर बोटांत धरून ते अंगणातल्या स्टुलावर बसले.

"उभ्या गाडीत टोकं टेकून असतात," ते म्हणाले. "मग मीटर तरी काय दाखवणार? जोर पडल्यावरच समजते." चहा तसाच होता. थोड्या वेळानं, वायरीकडंच बघत, "जिन्यात पहिल्या वळणावर थांबायची ती. म्हणायची, जरा थांबा, छातीत जड वाटून राहिलं. वर पोचलो की म्हणायची, गेलं. ईसीजी काढला तेव्हा टेबलावर आडवी होती. पट्टी नॉर्मल आली." मग अगदी हळू, "एकदाच काढला, साडूभाऊ. मी एकदाच तपासलं."

 अशी वेळ येते तेव्हा मी साधारणपणे चहा गार होतोय असं सांगतो, आणि तेच सांगितलं. त्यांनी आज्ञाधारकपणे कप उचलला. चहा संपल्यावर त्यांनी नवी वायर जोडली, जरा सैल ठेवली, ठोकळा कुठला आणायचा ते मला वहीचं पान फाडून लिहून दिलं. संध्याकाळी मी त्यांना खमरियाला सोडायला गेलो. मदन महालचा चढ वाटेत येत नाही, तरी ते म्हणाले, "तिकडून चला," आणि आम्ही तो तीनदा चढलो. दिवा लागला नाही. घरापाशी उतरून ते बाहेरचा जिना चढू लागले. पहिल्या वळणावर, कठड्याला हात लावून, ते थांबले. दम लागला असेल असं वाटून मी काच खाली केली, पण ते नुसते उभे होते. मग वर गेले.

घरी येऊन बायकोला सांगितलं की दिवा गेला, तीन वेळा चढून पाहिलं. ती कोथिंबीर निवडत होती. पुढच्या रविवारी भाऊजींना जेवायलाच बोलवा, गाडी असो नसो, असं काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. तिनं जुडी बाजूला ठेवली.

"जिन्याचं मलाही सांगितलं होतं ताईनं," मग ती म्हणाली. "फोनवर. दोनदा. मी म्हटलं, वजन कमी कर."