दोनदा ओढून बघणारा

श्रावणात मटणाच्या दुकानात शेजारी दिसला आणि मी रस्त्यावरूनच ओरडलो, "काय रे, श्रावण विसरलास?" अख्खं लालबाग वळलं.

"खायला नाय रे, कामाला!"

संपात त्याची गिरणी सुटली. आता तो पेसमेकर बनवणाऱ्या कंपनीत आहे; तार हृदयात घट्ट बसते का, ते बकऱ्याच्या हृदयावर तपासतो. सूत तुटायची धास्ती हातात राहिलीय. दाराची कडी, माझ्या शर्टाचं बटण, सगळं दोनदा ओढून बघतो.

माझ्या बायकोला डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला होता, पण ती नकोच म्हणत होती. "तार सुटली तर?"

संध्याकाळी त्यानं आमच्याच पातेल्यात हृदय ठेवलं, तारेच्या टोकाचा बारीक स्क्रू त्यात फिरवला. "वयनी, ओढा."

तिनं दोनदा ओढलं. हृदय वर आलं, तार सुटली नाही.

तो गेल्यावर ती म्हणाली, "बसवून घेते. पण श्रावणात बाटलेलं पातेलं तुम्ही घासा."