होल्यांचे शनिवार

आमच्या लॅबमध्ये सगळे गप्प बसून स्क्रीनकडे बघतात, तरी दर शनिवारी एक नवा किस्सा तयार होतोच! आईची मैत्रीण मेघनामावशी केंब्रिजमध्ये गॅलापागोस बेटांवरच्या होल्यांचा, म्हणजे कबुतराच्या लहान भावंडांचा, अभ्यास करते. घरट्यांजवळ लावलेल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग काही आठवड्यांनी इथे येतं. पक्ष्याने कधी काय केलं, ते मी शनिवारी तिच्या लॅबमध्ये बसून बघते आणि लिहून काढते. फार बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

पहिल्याच दिवशी मला स्क्रीनवर दगडाखाली गवताच्या चार काड्या दिसल्या.

"मावशी, घरटं अजून अर्धंच आहे का?"

"पूर्ण आहे. तुझी रूम बघता तुला तरी हे कळायला हवं!"

*

टॉम मावशीचा पीएचडीचा विद्यार्थी. बेटावर गेल्या गेल्या त्याला पंख मोडलेला होला दिसला. बिचारा फरफटत चालला होता. टॉम खोका घेऊन अर्धा तास त्याच्या मागे! शेवटी होला झकास उडून गेला. घरटं जमिनीवर असलं की शत्रूला लांब न्यायला होले असं नाटक करतात.

"पण मी शत्रू नव्हतो," टॉम अजून म्हणतो.

*

माणसांबरोबर बेटांवर एक परकी माशी पोचली. ती घरट्यांत अंडी घालते. तिच्या अळ्या दिवसा तळाशी दडतात आणि रात्री पिल्लांचं रक्त पितात. बेटावरून बाटल्यांतून आलेल्या या पांढुरक्या अळ्या आम्ही चिमट्याने मोजतो.

एकदा मावशीचा उपास होता. तिने साबुदाण्याची खिचडी टॉमपुढे सरकवली. त्याने डब्यात बघितलं आणि चमचा खाली ठेवला.

"खा रे, यातलं काही हलत नाही!"

*

सात नंबरच्या घरट्यातलं एक पिल्लू मेलं होतं. दुसरं मान टाकून पडलं होतं. मावशी तेव्हा बेटावरच होती. रेकॉर्डिंगमध्ये तिचा हात आला, त्याने घरट्याच्या तळाशी अळ्या मारायचं औषध सोडलं. मग मराठीत तिचा आवाज आला, "आजची रात्र काढ रे बाळा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिची परतीची बोट होती. पुढे काय झालं, ते तिलाही माहीत नव्हतं.

लॅबमध्ये मावशीचे कान लाल झाले.

"काय म्हणाली ती?" टॉमने मला विचारलं.

"टेंपरेचर सांगितलं," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. मी सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. मोठा होला अंग फुगवून बसला होता. खाली काहीच हलत नव्हतं. मावशी खुर्चीतून उठून उभी राहिली.

होल्याच्या छातीखालून एक चोच वर आली. उघडी, भुकेली.

मग टॉम हळूच म्हणाला, "टेंपरेचर चांगलं दिसतंय!"