बेटावरून आलेली वयनी

पीटरचा, म्हणजे माझ्या भावाचा फोन आला तेव्हा कुडाळच्या शाळेत मी पाचवा तास शिकवत होते. "तुझी वयनी गेली गो," एवढंच तो म्हणाला. दुपारी जेवून ती मालवणच्या घरी पडवीत आरामखुर्चीवर टेकली, समुद्राकडे बघता बघता तिचा डोळा लागला, आणि मग... उठलीच नाही. एसटीनं घरी जाताना ऊन, माड, खाडीवरचा पूल, सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं हलत होतं. त्यालाही आता सहा आठवडे झाले.

वयनी, म्हणजे पीटरची बायको इव्हाना, क्रोएशियाची. तिकडच्या एका लहानशा बेटावर वाढलेली, मासे पकडणाऱ्याची मुलगी. पीटर बोटीवर इंजिनिअर होता. त्याचं जहाज तिकडच्या बंदरात दुरुस्तीसाठी थांबलं तेव्हा दोघांची ओळख झाली, पुढे लग्न झालं, आणि सहा फूट उंचीची ही बाई आमच्या घरात आली. मालवणी ती तिच्या पद्धतीनं शिकली. 'बरो' हा एक शब्द तिला फार आवडला होता. जेवण बरो, पाऊस बरो, सासूसुद्धा बरो. आई हसून हसून डोळे पुसायची.

ती तिकडे व्यावसायिक बास्केटबॉल खेळायची हे आम्हाला ठाऊक होतं, पण तिथवर कशी पोचली ते मला फार उशिरा कळलं. एका मे महिन्यात आम्ही दोघी कोकमं फोडत बसलो होतो, तेव्हा तिनं सांगितलं. कॉलेजच्या संघात ती चांगली खेळत होती, म्हणून शहरातल्या एका क्लबनं तिला चाचणीला बोलावलं. वडील नको म्हणाले. मुलीनं शिक्षिका व्हावं, घराजवळ राहावं, एवढीच त्यांची इच्छा. चाचणीच्या सकाळी वादळी वारा सुटला आणि बेटावरची फेरीबोट बंद पडली. ती धक्क्यावर रडत उभी होती. वडील आले, आणि त्यांनी आपली होडी पाण्यात सोडली. दोन तास ते लाटांतून होडी हाकत राहिले. उतरताना आपला कोरडा स्वेटर तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "हात पूस. ओल्या हातातून चेंडू सुटतो." त्या दिवशी तिची निवड झाली. पहिलं अख्खं वर्ष तिनं बाकावर बसून काढलं, पुढची आठ वर्षं मैदानावर. मग गुडघा गेला. सांगताना ती आपल्या लाल झालेल्या बोटांकडे बघत होती, आणि मला तिच्या डोळ्यांत दुसराच कुठलातरी समुद्र दिसत होता... आमच्यापेक्षा निळा, थंड.

नंतर ती मालवणातल्या कॉलेजच्या मैदानावर मुलींना बास्केटबॉल शिकवू लागली. त्यांच्यातली सायली सगळ्यात चपळ. तिला मुंबईच्या एका संघानं करारावर खेळायला बोलावलं, तेव्हा तिचे वडील जयवंत अडून बसले. वयनी मला घेऊन त्यांच्याकडे गेली. ते किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत होते.

"चेडवाक, माझ्या पोरीक, एकट्याक धाडूचंय नाय," ते मान वर न करता म्हणाले.

वयनी वाळूत त्यांच्या शेजारी बसली. "माझो पप्पा पण नाय म्हणालो," ती म्हणाली. "मगे होडी काढलो. तू काय काढतलंस?"

जयवंतांनी हातातली जाळ्याची गाठ सोडवली आणि पुन्हा घट्ट बांधली. पण पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याचा टेम्पो मागून ते स्वतः सायलीला कुडाळ स्टेशनवर सोडून आले. आता तिचा संघातला तिसरा मोसम चालू आहे. वयनीच्या मातीला ती रात्रभर प्रवास करून आली होती, आणि जयवंत पूर्ण वेळ तिच्यामागे उभे होते.

वयनीनं स्वयंपाकघरातली प्रत्येक वस्तू तिच्या हाताला येईल अशी लावलेली. मीठ, साखर, तिरफळं, लोणच्याची बरणी, सगळं वरच्या फळीवर. काल आमटीला मीठ हवं होतं, म्हणून मी स्टूल ओढून वर चढले. पीटर दारात उभा होता. "खाली काढून ठेवया मां ता सगळा," तो म्हणाला. मी म्हटलं, "नको. रवांदे थंयच." चिमूटभर मीठ काढलं, आणि टाचा उंच करून मिठाची बरणी पुन्हा वर सरकवली.