मडगार्डावरचा चहा

आमचा मिस्त्री चहा दिला की लगेच पीत नाही. दुरुस्ती झाली की भरला पेला चालू ट्रकच्या मडगार्डावर ठेवतो आणि सांडला नाही तरच पितो.

आमच्या ह्यांचा जुना ट्रक उभ्याउभ्या थडथडायला लागला, मधेच ठोका चुकवायचा. थोरला म्हणाला, "आई, भंगारात देऊया." मी मिस्त्रीला चहाचा पेला दिला.

मिस्त्री त्याच्यावर खेकसला, "गप की! गाडीला बोलू दे."

चालू इंजिनात तो डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलचा नट ढिला करून बघायला लागला. दर वेळी इंजिनाचा आवाज पडायचा. तिसरीला काहीच फरक नाही.

"ही बया झोपलीय बघा, वहिनी!"

नवी नोझल बसवली, इंजिन चालू केलं आणि मघाचा पेला मडगार्डावर ठेवला. पेल्यातला चहा थरथरला, पण एक थेंब सांडला नाही.

"गार झालाय, दुसरा आणते," मी म्हणाले.

"नगं वहिनी. ह्यो कमावलेला हाय."