दुपारच्या शाळेच्या सुमनताई

सुमनताईंच्या शोकसभेच्या जेवणाचं काम मी रमणभाईंना दिलं. चूक माझी एकट्याची. रमणभाई लग्नाच्या जेवणांचे ठेकेदार, आणि त्यांच्याकडे राबणारी निम्मी माणसं आमच्या संस्थेची. संस्था कोणाची, तर हॉटेलात, खानावळीत, लग्नाच्या मांडवात रांधणाऱ्या, वाढणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्यांची. ती काढली ताईंनी. त्यामुळे झालं असं, की ज्यांनी त्या दिवशी पुढे सतरंजीवर बसून ताईंना आठवायचं, तेच लोक डोक्याला टोप्या लावून मांडवामागे बट्ट्या तळत होते. सुतक ज्यांना, त्यांनाच मी पंगत वाढायला लावली. बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण ते पुढे सांगतो.

बातमी आली तेव्हा मी उधन्यातल्या आमच्या गच्चीवर होतो. उत्तरायण, म्हणजे गुजरातेतली पतंगांची संक्रांत, होऊन बरेच दिवस झाले होते, पाण्याच्या टाकीला अजून मांजा गुंडाळलेला होता आणि तो सोडवता सोडवता मी स्वतःच त्यात गुंडाळला गेलो होतो. ताईंच्या भाचीचा फोन आला. ‘‘काका, मावशी गेली. सकाळी चहा घेतला आणि पुन्हा आडवी झाली, ती...’’ मी ‘‘येतो’’ म्हणालो आणि तसाच जिना उतरलो. ताईंच्या दारात पोचलो तेव्हा माझ्या पायाला मांजा आणि मांजाला एक फाटका पतंग होता. तशाही स्थितीत त्यांच्या भाचीला हसू आलं. मला वाटतं, ताईंनाही आलं असतं.

त्याच्या चार-सहा दिवस आधी मी त्यांना भेटलो होतो. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती. खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या आणि तब्येतीचं विचारू द्यायला तयार नव्हत्या. ‘‘छायाचं काय झालं?’’ एवढंच. छाया ही आमच्या संस्थेच्या नवागामच्या शाळेतली दहावीची मुलगी. तिचे वडील लोटन रमणभाईंकडचे जुने स्वयंपाकी, अमळनेरकडचे. दिवाळीनंतरच्या एका लग्नात कढई कलंडली आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आई घरी साड्यांवर स्टोन चिकटवते, त्या कामातून तिला उठता येत नाही. लोटनची जागा राहायची तर हंगाम संपेपर्यंत घरातलं कोणीतरी कामाला यायला हवं, असं रमणभाईंचं म्हणणं. मग छाया जाऊ लागली. फेटा बांधून, दारातल्या काउंटरवर पाहुण्यांना सरबत द्यायचं काम. लग्नाची तयारी सुरू होते दुपारी, आणि आमची शाळाही दुपारची. परीक्षा तोंडावर आली होती, आणि वर्गात छायाचा बाक रिकामा.

‘‘मी बघतो,’’ मी म्हणालो.

‘‘तुम्ही बघू नका, सुरेशभाऊ. तुम्ही बघितलं की बिघडतं. मला जरा उठू द्या, मी बघते.’’

त्या उठल्या नाहीत...

शाळा दुपारची का, हे मला सुरुवातीला कळत नव्हतं. मी रंगाई-छपाईच्या मिलमध्ये हजेरीचा कारकून. तीस-पस्तीस वर्षं माणसं सकाळी सातला आत घेतली. माझ्या मते शाळा सकाळीच असते. मी तसं ताईंना ठणकावून सांगितलं, वर मोफत सल्लाही दिला की सकाळी मुलांचं डोकं ताजं असतं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘हॉटेलातला माणूस घरी येतो तेव्हा पोरं झोपलेली असतात. तो जागा होतो तेव्हा पोरं शाळेत. मग बापाचं तोंड त्यांनी पाहायचं कधी?’’ त्यांचे वडील स्टेशनसमोरच्या एका डायनिंग हॉलमध्ये वाढपी होते. लहानपणी ताईंना ते फक्त आजारी पडले तरच दिसायचे, म्हणून वडिलांना ताप आला की त्यांना आनंद व्हायचा. हे सांगताना त्या हसत होत्या. मी पुन्हा सकाळच्या ताज्या डोक्याविषयी बोललो नाही.

त्यांची माझी ओळख झाली तीही माझ्याच अकलेमुळे. माझ्या मुलाचं लग्न होतं. शेजारच्या म्हणून ताईंना आमंत्रण. त्या महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायच्या, एवढीच मला माहिती. सगळे जेवले, मी समाधानानं ढेकर दिली आणि उरलेलं अन्न नातेवाइकांच्या डब्यांत भरायला लावलं. ताई अजून जेवल्या नव्हत्या. मी आग्रह करायला गेलो तर म्हणाल्या, ‘‘मांडवामागची माणसं जेवली का?’’

मी विचारलं, ‘‘कोणती माणसं?’’

त्या उठून मांडवामागे गेल्या, मीही गेलो. तिथे दहा-पंधरा जण उलट्या घातलेल्या पातेल्यांवर बसून माझ्या आत्याच्या डब्यात माझा मसालेभात जाताना बघत होते. त्यानंतर आत्या माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही, कारण तो डबा मला तिच्या हातातून परत घ्यावा लागला. ताई त्या माणसांबरोबर जेवल्या, मलाही पुन्हा बसवलं. उठताना म्हणाल्या, ‘‘निवृत्त झालात ना? संस्थेत या. तुम्हाला काहीच कळत नाही, म्हणजे तुम्ही माझ्याशी भांडणार नाही.’’ भरती व्हायला मला आयुष्यात याहून सोपी परीक्षा कधी द्यावी लागली नव्हती.

संस्थेत आल्यावर मी लगेच कामाला लागलो, म्हणजे पहिली पालकसभा बोलावली. फळ्यावर सुविचार, दारात रांगोळी, प्यायचं पाणी, खुर्च्या, सगळं चोख. आली फक्त एक आजी. त्या दिवशी वर्षातला सगळ्यात मोठा लग्नाचा मुहूर्त होता आणि आमचा एकूण एक पालक कुठे ना कुठे पुऱ्या लाटत होता. मी आजींना विचारलं, तुमचा नातू कुठल्या वर्गात? आजी म्हणाल्या, ‘‘मी त बसाले उनू. आठे पंखा शे.’’ म्हणजे त्या नुसत्या पंख्याखाली बसायला आल्या होत्या. ताईंनी त्यांच्यासमोर बसून पूर्ण सभा घेतली. अभ्यासक्रम सांगितला, प्रगती सांगितली, अडचणी विचारल्या. आजींनी पंख्याचा वेग वाढवायची सूचना मांडली, ती एकमतानं मंजूर झाली. पुढे आमच्या सभा कमुरतात व्हायला लागल्या, मकरसंक्रांतीच्या आधीच्या त्या महिन्यात, जेव्हा गुजरातेत लग्नं लागत नाहीत. ताईंनी कधी मला त्या सभेवरून टोमणा मारला नाही. फक्त नवी माणसं संस्थेत आली की माझी ओळख करून देताना म्हणायच्या, ‘‘आणि हे आमचे सुरेशभाऊ, पंखा यांच्यामुळे जोरात चालतो.’’

एकाच गोष्टीवर त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. शाळेतल्या मुलाच्या हातात त्यांना ट्रे दिसलेला चालायचा नाही. शाळेत पाहुणे आले तरी चहा त्या स्वतः द्यायच्या. मला ते जरा अतीच वाटायचं. ‘‘वाढण्यात कमीपणा काय आहे, ताई?’’ मी विचारलं होतं. ‘‘कमीपणा नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या बापानं जन्मभर वाढलं. पण पोराला चांगलं वाढता आलं की घरचे खूश, ठेकेदार खूश, पोरगंही खूश. मग पुस्तक कोणाला आठवतं?’’

लोटनकडे त्या गेल्या होत्या, तब्येत बरी असताना. संस्था अशा वेळी दवाखान्याचं बघते, घरात धान्य पोचवते, त्यासाठीच ती आहे. लोटननी दारातच अडवलं. पट्टी बांधलेला हात छातीशी धरून म्हणाले, ‘‘ताई, मी लोकांना जेवू घालणारा माणूस. माझ्या घरी कोणी तांदळाची पिशवी आणून ठेवली, तर मी कुठल्या तोंडानं कढईसमोर उभा राहू?’’ ताई परत येताना रिक्षात म्हणाल्या, ‘‘त्याचं खोटं नाही. पण छायाचंही वर्ष खोटं नाही...’’

तर शोकसभा. शाळेच्या पटांगणात मांडव, ताईंचा फोटो, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. पुढच्या रांगेत लोटन, कारण काम करता न येणारे ते एकटेच बसायला मोकळे होते. मी बोलायला उभा राहिलो. चांगलं पाठ केलं होतं. ‘‘ताईंनी या शाळेतल्या एकाही मुलाच्या हातात कधी ट्रे येऊ दिला नाही,’’ असं मी म्हणालो आणि दाद मिळावी म्हणून थांबलो. तेवढ्यात डाव्या बाजूनं आवाज आला, ‘‘काका, छास.’’ फेटा बांधलेली छाया ट्रे घेऊन उभी होती. घसा सुकला होता. मी ग्लास उचलला आणि प्यायलो. निम्मं ताक पोटात गेल्यावर मला कळलं की मी काय केलं. समोर कोणी हसलं नाही. लोटन खाली बघत होते.

मी भाषण तिथेच सोडून मांडवामागे गेलो. रमणभाई वरणाच्या पातेल्याशी उभे होते. ‘‘या मुलीला आज तरी आणायचं नव्हतं,’’ मी म्हणालो.

‘‘सुरेशभाई, सीझन छे. माणसो क्यांथी लावूं? तुम्हीच ऑर्डर दिली ना? मी बोललो होतो, माणसं कमी आहेत. तुम्ही बोलले, कसंही करा.’’

बोललो होतो. ‘‘मग तिला सोडा. तिची परीक्षा आहे.’’

‘‘सोडतो. तिच्या जागी कोण येणार?’’

‘‘मी येतो,’’ मी म्हणालो. म्हणून टाकलं, एवढंच. विचार वगैरे काही केला नव्हता. रमणभाईंनी मला टकलापासून चपलेपर्यंत बघितलं. एव्हाना लोटन मागे येऊन उभे राहिले होते, आणि त्यांच्यामागे ट्रे घेतलेली छाया.

‘‘भाऊ, दया नको,’’ ते म्हणाले.

आणि इथे, सगळ्या आयुष्यात एकदाच, माझी कारकुनी कामाला आली. मी म्हणालो, ‘‘दया कसली, लोटनभाऊ. मिलमध्ये माणूस आजारी पडला की त्याच्या जागी बदली उभा राहतो की नाही? माग त्याचाच, जागा त्याचीच, आणि आपला माणूस बदली असला तर रोजाचे पैसेही त्याच्याच घरात. तो बरा होऊन आला की बदली घरी जातो. मी तुमचा बदली.’’

उधना-पांडेसऱ्याच्या मिलवस्तीत राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लोटनचा धाकटा भाऊ स्वतः लूमवर कोणाकोणाचा बदली म्हणून उभा राहिलेला. लोटननी पट्टीवरचा दोरा सारखा केला. ‘‘बदली ना?’’ त्यांनी पुन्हा विचारलं. ‘‘मंग चाली.’’ मग त्यांनी छायाच्या हातातला ट्रे डाव्या हातानं काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. बापलेक जाऊन पंगतीला शेजारी शेजारी बसले. त्यांना मीच वाढलं. वरण बरंचसं ताटात पडलं.

त्यानंतरचा फेब्रुवारी मी लग्नांत काढला. फेटा मला शोभतो, हे बायकोचं मत आहे, आणि ते हसू दाबून दिलेलं आहे. सरबताच्या काउंटरवर मी फार टिकलो नाही. पाहुणे दिसले की मी त्यांच्याशी बोलत बसायचो आणि मागे रांग लागायची. एकदा तर नवरदेवालाच मुलीकडचा, म्हणजे घरचाच माणूस समजून पाणी दिलं नाही. रमणभाईंनी मला भांड्यांकडे हलवलं. पातेल्यांवर बसून जेवणाऱ्या माणसांत मी पातेल्यावर बसून जेवलो. ताई इथे येऊन बसायच्या तेव्हा कशाबद्दल बोलायच्या, असं मी एकदा विचारलं. एक जण म्हणाला, ‘‘फार नाही बोलायच्या. कोण कुठल्या गावचं, पोरगं कितवीत, भाजीत मीठ कमी आहे, असं.’’ मी चार पानांचं भाषण लिहिलं होतं त्यांच्यावर...

छाया रोज शाळेत जात होती. मागे राहिलेलं भरून काढायला दोन शिक्षिका सकाळीही येत होत्या. लोटन तिला सोडायला यायचे, आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या ओट्यावर बसायचे. एरवी त्यांना त्या वेळेला मुलगी कधी दिसली होती?

मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू झाली. ताईंचा एक रिवाज होता. आमच्या मुलांचा नंबर जिथे लागेल त्या केंद्राबाहेर त्या पहिल्या पेपरला जाऊन बसायच्या, मुलं आत जाण्यापासून बाहेर येईपर्यंत. ऊन असो, काही असो. कोणाला धीर देणं नाही, प्रसाद नाही, पेन नाही. नुसत्या बसायच्या. या वर्षी ते करणारं कोणी नव्हतं, म्हणून मी गेलो. समोरच्या पानाच्या दुकानाचं बाकडं धरलं. पाण्याची बाटली, टोपी, छत्री, जादा पेनं, ग्लुकोज, सगळं घेऊन गेलो होतो. छाया आली. वेणी घट्ट बांधलेली, चेहरा कोरा. मी उभा राहिलो आणि बाकड्यावरची छत्री गटारात पडली. ती काढायला वाकलो तर बाटली पडली. दुकानदारानं दोन्ही काढून दिली.

‘‘छाया, अजिबात घाबरू नको,’’ मी म्हणालो. ‘‘मी इथेच बसलोय, पेपर सुटेपर्यंत. ताई बसायच्या तसा.’’

तिनं माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या ओल्या छत्रीकडे.

‘‘काका, तुम्ही घरी जा,’’ ती म्हणाली. ‘‘ताई बाहेर असल्या की आतल्या पोरांना ताईंची काळजी करावी लागायची नाही. तुम्ही बसलात तर मी पेपर लिहू की तुमच्याकडे बघू?’’