टायरचं पोट

दत्ताराम घाडीचा राग डोक्यात जाण्याआधी हातात उतरायचा. काजूपाड्याच्या चाळीत, अंधेरीच्या स्टुडिओत, बोरीवली स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेत, जिथे जिथे हा माणूस उभा राहिला तिथे कुणीतरी त्याच्या हातचा मार खाल्लेला होता. एका रिक्षावाल्याचा जबडा, एका लाइटवाल्याचे पुढचे दोन दात आणि चाळीच्या नळावर भांडायला आलेल्या शेजाऱ्याच्या कानाचा पडदा, एवढं तर सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक त्याला मानायचे. मारतो पण मनाचा साफ आहे, असं म्हणायचे. मार दुसऱ्याला बसलेला असला की असं म्हणायला काही जात नाही.

सिनेमात हिरो जी गाडी उधळतो ती खरी दत्ताराम उधळायचा, हिरोचा शर्ट अंगात घालून आणि हिरोच्या केसांचा टोप डोक्यावर चढवून. बारा वर्षांत त्याचा उजवा खांदा दोनदा निखळला, चार बरगड्या मोडल्या आणि एकदा काचेचा तुकडा गालातून आरपार जाऊन दातावर अडकला. तो त्याने स्वतःच्या चिमटीने उपसून काढला, गाल बांधला आणि उरलेला शॉट देऊन टाकला. घरी आल्यावर बायकोने, नलिनीने, पेजेशिवाय काही वाढलं नाही म्हणून चिडला तो वेगळाच.

त्याची खासियत होती रेघ. रस्त्यावर खडूने रेघ मारायची, रेघेच्या पलीकडे माणूस उभा करायचा आणि भरधाव गाडी आडवी घसरवत आणून बरोबर रेघेवर थांबवायची. माणसाच्या पँटला धूळ लागायची, गाडी लागायची नाही. रेघेच्या किती आधी ब्रेक मारायचा हे तो पावलांनी मोजून ठरवायचा आणि तिथे कडेला चुन्याचा एक ठिपका द्यायचा. ठिपका दिला की मग देव आला तरी तो पुसायचा नाही.

घसरण नेमकी हवी तर टायर दगडासारखे टणक हवेत, असा त्याचा हिशेब होता. हवा कमी असली की टायर जमिनीला टेकतो तिथे त्याची कूस बाहेर फुगते. त्याला हे लोक पोट म्हणायचे. टायरचं पोट दिसता कामा नये, हा दत्तारामचा पहिला आणि शेवटचा कायदा होता.

हा कायदा सांभाळायला त्याने धोंडिरामला ठेवलं होतं. धोंडिराम त्याच्याच गावचा, त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. गिरणीच्या संपात नोकरी गेली आणि घाटकोपरच्या खोलीत नुसता बसून राहिला होता, तेव्हा दत्तारामनेच त्याला हवा-पाण्याच्या कामाला लावलं. त्याला धोंडीदा म्हणायचा. आणि त्याच धोंडीदाला त्याने दोनदा मारलं होतं.

पहिल्यांदा मारलं ते मागच्या टायरचं पोट दिसलं म्हणून. सगळ्या युनिटसमोर एक थोबाडीत, अशी की म्हाताऱ्याची टोपी उडून पंपावर पडली. महिन्याभराने धोंडिरामला पुन्हा एका टायरची शंका आली. आता आधी विचारलेलं बरं म्हणून तो विचारायला गेला. दत्ताराम फाइट मास्टरशी बोलत होता. डोळे फुटले काय तुझे, एवढ्यासाठी मधे येतोस, असं म्हणून त्याने दुसरी ठेवून दिली. त्या दिवसापासून धोंडिरामने विचारणं सोडलं. प्रत्येक सुट्टीत तो रस्त्याला गाल लावून चारही पोटं बघायचा आणि गरज वाटली तर गुपचूप हवा भरायचा. काम अगदी चोख व्हायला लागलं. दोन थपडांत माणूस सुधारला, असं दत्ताराम हसत सांगायचा.

नलिनीचा धाकटा भाऊ शिवदास चोवीस वर्षांचा होता. आई लवकर गेल्यामुळे नलिनीनेच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला. तो फायटर व्हायचं म्हणाला तेव्हा तिने दोन दिवस चूल पेटवली नाही. शेवटी ती कबूल झाली, पण एका अटीवर. गाडीसमोर उभा राहिला तर फक्त दत्तारामच्या गाडीसमोर, दुसऱ्या कुणाच्या नाही. नवऱ्याचा हात तिने स्वतः दोनदा खाल्ला होता, पण गाडीवरच्या त्याच्या हातावर तिचा देवासारखा विश्वास होता. दत्तारामलाही त्या अटीचा मोठा अभिमान वाटला.

मग शहाऐंशीच्या मे महिन्यात ती पिवळी गाडी आली.

निर्मात्याने ती परदेशातून आणवली होती आणि तिच्यासोबत टायरही वेगळे आले होते. रुंद, बुटके, खास उन्हाळ्यात वेगाने पळवायचे. रबर इतकं मऊ की नख दाबलं तर खूण उठायची. त्यांची देखभाल करायला विद्याधर नावाचा मुलुंडचा एक इंजिनिअर होता. शर्यतीत गाड्या चालवलेला, चष्मेवाला, कधी आवाज न चढवणारा. त्याने दत्तारामला आधीच समजावून सांगितलं की हे टायर निराळ्या बांधणीचे आहेत. यात हवा पूर्ण असली तरी पोट दिसणारच, त्यांची बसायची तऱ्हाच तशी. सव्वीस पौंडांच्या वर एक पौंडही भरायची नाही. उन्हाने आतली हवा आपोआप चढते. पोट जाईपर्यंत भरलीत तर टायर रस्त्यावर नुसता मधल्या पट्टीवर उभा राहील, मग तो पकडणार नाही आणि कदाचित फुटेलही.

दत्तारामला ते टायर बघूनच शिसारी आली. चारही पोटं सुटलेली. बाळंतिणीसारखी गाडी आणलीय, असं तो म्हणाला. पण दिंडोशीच्या नव्या, अजून न उघडलेल्या रस्त्यावर सकाळी, युनिट यायच्या आत, त्याने तिला एकदा फेकली आणि त्याचं तोंड बंद झालं. ब्रेक मारल्यावर गाडीने रस्ता असा धरला की तिचं नाक रेघेच्या वीस फूट आधीच थांबलं. त्याने पुन्हा करून बघितलं. पुन्हा वीस फूट. तिसऱ्यांदा तो उतरला तेव्हा त्याने टायरवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवतात तसा. बारा वर्षं आपण दगडांवर गाडी चालवली, असं त्याला वाटलं.

बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने दिलेला ठिपका पुसला आणि वीस फूट पुढे सरकवला, म्हणजे रेघेच्या तितका जवळ. ब्रेक उशिरा मारायचा, वेग जास्त मिळेल, शॉट झकास येईल. विद्याधर म्हणाला की मग तुमच्या माणसांना सांगून ठेवा, हवेला कुणी हात लावू नका म्हणून.

"माझी माणसं मला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत," दत्ताराम म्हणाला.

हे तो अगदी खरं समजून म्हणाला. आपण विचारणाऱ्याला काय दिलं होतं, ते त्याला आठवलंच नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो आणि शिवदास तंबूच्या सावलीत एका डब्यात जेवले. नलिनीने सुंगटाचं, कोळंबीचं, सुकं दिलं होतं. शिवदास खुशीत होता. रेघेपलीकडे खलनायकाच्या कोटात तोच उभा राहणार होता, पाठीमागे रेतीने भरलेल्या लोखंडी पिंपांची रांग. विद्याधर ताप आल्यासारखं वाटतंय म्हणून पंख्याखाली पडला होता. आणि त्या पेटलेल्या उन्हात धोंडिराम एकटा गाडीजवळ गेला, रस्त्याला गाल लावला. चारही पोटं बाहेर.

त्याने एकदा तंबूकडे बघितलं. दत्ताराम जेवत होता. मग त्याने पंप ओढत आणला आणि घाम निथळत, पायाने दाबत, एकेक टायर भरला. पोट दिसेनासं होईपर्यंत भरला. वर बोटाने टिचकी मारून बघितली. टणक. त्याला बरं वाटलं. आज तरी दत्तू बोलणार नाही.

तीन वाजता निर्माता ऊन उतरतंय म्हणून ओरडायला लागला. दत्तारामच्या डोक्यावर टोप चढवला, त्याला जवळजवळ ढकलतच गाडीत बसवलं. खाली वाकून चाकं बघायची त्याला सवयच नव्हती. ते काम धोंडीदाचं. समोर दीडशे पावलांवर शिवदास कोटाचं बटण लावत होता. त्याने हात वर केला. दत्तारामने गाडी सोडली.

ठिपका आला. त्याने ब्रेक दाबला, चाक फिरवलं, आणि त्याच क्षणी त्याच्या तळव्यांना कळलं. खालून पकड नव्हती. गाडी उकळत्या डांबरावरून जुन्या टायरसारखी घसरत निघाली, पण ठिपका मात्र नव्या टायरचा होता. रेघ आली आणि गेली. शिवदास हलला नाही. दाजींच्या गाडीसमोर कुणी हलतं काय? मग पुढचा टायर फुटला, तोफेसारखा, गाडीचं तोंड वळलं, आणि तिने शिवदासला कमरेत उचलून पिंपांवर नेऊन चिरडलं. एक पीठ दळल्यासारखा आवाज झाला. तोंडातून रक्ताची चूळ बॉनेटवर पडली. पिवळ्या रंगावर ती फार लाल दिसली. शिवदासचे डोळे उघडे होते आणि ते काचेतून दत्तारामकडेच बघत होते. त्यांत भीती नव्हती, नुसतं नवल होतं.

फायटरांनी गाडी मागे ओढली तेव्हा कमरेखालचं काही जागेवर उरलेलं नव्हतं. दोघांनी त्याला चादरीत घेतला आणि जीपमधून हॉस्पिटलात पळवला. दत्ताराम मागे धावला नाही. तो गाडीच्या न फुटलेल्या टायरसमोर उकिडवा बसला. पोट नव्हतं. त्याने मूठ मारली, मूठ उसळून परत आली.

हवा कुणी भरली, असं त्याने विचारलं. आवाज बारीक होता. धोंडिराम पुढे आला, रडत होता. मीच भरली म्हणाला. दत्तारामने चाकं खोलायचा लोखंडी पाना उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसऱ्याला म्हाताऱ्याने हात आडवा धरला तर मनगट काडीसारखं मोडलं, तिसरा डाव्या कानावर. तो खाली पडल्यावर दत्तारामने पाना टाकला आणि लाथांनी मारायला लागला. कुणी अडवेना. फायटरांना वाटलं की बरोबर चाललंय. अखेर विद्याधर तंबूतून धावत आला आणि त्याने स्वतःला मधे घातलं. एक लाथ त्यालाही बसली, चष्मा फुटला.

"तुम्ही यांना सांगितलं होतं का?" त्याने विचारलं.

दत्तारामचा पाय लाथेसाठी उचललेला होता, तो तसाच राहिला. खाली धोंडिराम कोपरावर उठायचा प्रयत्न करत होता. कानातून रक्त मानेवर येत होतं. शहरातल्या मराठीत बोलायचं भान त्याला राहिलं नाही, गावची बोली बाहेर पडली.

"पोट दिसला म्हणान मारलंस," तो म्हणाला. "इचारलंय म्हणान मारलंस. मगे मी करूचा तरी काय, दत्तू?"



शिवदास रात्र काढू शकला नाही. पोलिसांनी जबाब घेतले. उन्हाने टायर फुटला, असं सगळ्यांनी लिहून दिलं. परदेशी माल, आपल्याकडचं ऊन त्याला काय सोसणार. धोंडिरामनेही तेच सांगितलं, आणि स्वतःच्या हाताबद्दल विचारलं तर पिंपावरून पडलो म्हणाला. अपघात म्हणून कागद बंद झाला.

नलिनीपुढे मात्र कागद चालला नाही. दत्तारामने तिला सांगितलं की धोंडीने न विचारता हवा भरली. ती भावाच्या डब्याचं झाकण हातात घेऊन बसली होती. 

"तुम्हाला विचारायची सोय कुणाला होती?" ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

त्यानंतर ती घरात राहिली, स्वयंपाक केला, पण नवऱ्याशी बोलली नाही. दत्ताराम पुन्हा कधी गाडीत बसला नाही. स्टुडिओतून बोलावणं आलं तर माणसाला दारातूनच परत पाठवायचा. चाळीतल्या एका टग्याने त्याला दारू पिऊन आईवरून शिवी दिली, तेव्हा तो खाली बघून निघून गेला. लोकांना त्याची कीव यायला लागली. मला विचाराल तर, कीव घाटकोपरला पोचायला हवी होती.

शिवदासचं तेरावं झाल्यावर तो तिकडे गेला. धोंडिरामची खोली डोंगराच्या उतारावर होती. म्हातारा पायरीवर बसला होता, हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला, डाव्या कानात कापूस. त्या कानाने त्याला आता काही ऐकू येत नव्हतं, आणि दत्ताराम नेमका त्याच बाजूने चढून आला. धोंडिरामची बायको रत्नप्रभा दारात तांदूळ निवडत होती. तिने दत्तारामला ओळखलं आणि तिचे हात थांबले.

काय बोलायचं ते दत्ताराम वाटभर घोकत आला होता. त्यातला एक शब्दही त्याला आठवेना. मोठा माणूस आहे, आधी पाया पडावं, एवढंच सुचलं. तो वाकला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

धोंडिरामच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात ते हात आले. तो घशातून घोगरा आवाज काढून भिंतीला चिकटला, मोडका हात प्लास्टरसकट डोक्यावर घेतला, चांगल्या हाताने उरलेला कान झाकला, आणि गुडघे पोटाशी ओढून बसला.

"अहो, पाया पडतायत ते," रत्नप्रभा म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नाही.